पेरांवरचा जप

तोंडातला चहा आधी गिळून घ्या, मग ऐका. हा किस्सा मी पहिल्यांदा सांगितला तेव्हा एका मैत्रिणीला असा ठसका लागला की तिच्या नव्या सोफ्यावर अजून डाग आहे. आणि ती माझीच मैत्रीण, म्हणजे सोफ्याचा दोषही माझ्याच खात्यावर.

तर, मागच्या उन्हाळ्याआधी माझी झोप उडाली होती. कारण सासरे येणार होते.

नाही, तुम्हाला वाटतंय तसं नाही. अण्णा फार सज्जन माणूस. कराडला शाळेत मुख्याध्यापक होते, आवाज न चढवता वर्ग गप्प करायचे. मला कधी एका शब्दानं बोलले नाहीत. माझी काळजी वेगळीच होती. आमची रेवा पाच वर्षांची. इथं जर्मनीत, आखनमध्ये जन्मली, इथल्याच बालवाडीत, म्हणजे किटामध्ये वाढली. मराठी तिला सगळं कळतं. पण बोलायचं म्हटलं की तोंडातून जर्मनच येतं.

व्हिडिओ कॉलवर अण्णा विचारायचे, "बाळा, जेवलीस का?"

"जा." म्हणजे जर्मनमधलं हो.

"काय जेवलीस?"

"नूडल्न."

मग अण्णा माझ्याकडे बघायचे. "सायली, काय म्हणाली गं?"

मी दुभाषी. आजोबा आणि नात यांच्यामध्ये मी, एखाद्या सरकारी कचेरीतल्या खिडकीसारखी. एके दिवशी तर अण्णा हळूच म्हणाले, "मीच थोडं जर्मन शिकू का? या वयात डोक्यात शिरेल न शिरेल. पण तीन महिने पोरीशी मुक्यानं कसं राहायचं?"

झालं. त्या वाक्यानं माझी झोप गेली. मी रोज अंथरुणात पडल्या पडल्या डोळ्यांपुढे आणायची, की अण्णा आपले सोफ्यावर बसलेत, रेवा जमिनीवर खेळतेय, आणि दोघं एकमेकांकडे नुसतं हसतायत. तीन महिने. नुसतं हसतायत.

मी सगळे उपाय केले हो. गोष्टी सांगितल्या, गाणी लावली. "मराठीत मागितलंस तरच देईन" असा कायदा काढला, तर पोरगी मागेचना. स्टूल ओढून स्वतःच डबा काढायला लागली. लाच दिली. रागावले. मग रागावल्याबद्दल स्वतःवर रागावले. आई म्हणून माझ्यात नक्की काय बिघडलंय याचा विचार करण्यात मी जेवढा वेळ घालवलाय, तेवढ्यात एक पीएचडी झाली असती.

आणि पीएचडीवरून आठवलं, आमचे हे.

अभिजित, माझा नवरा, इथल्या विद्यापीठात यंत्रांच्या कंपनांवर संशोधन करतो. आखनचा हिवाळा मोठा, पाऊस त्याहून मोठा. अशा दिवसांत माणसं विणकाम करतात, केक भाजतात. आमच्या घरात ह्यानं पत्ते आणले. ब्लॅकजॅक नावाचा खेळ आहे, कसिनोत खेळतात तो. सोपा आहे. पत्त्यांची बेरीज एकवीसच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्यायची, पण एकवीसच्या पुढे गेलात की बुडालात. समोर कसिनोचा माणूस, त्याला हरवायचं.

आता यातली गंमत. एकदा वाटलेले पत्ते बाजूला जातात, लगेच परत येत नाहीत. म्हणजे कोणते गेले हे लक्षात ठेवलं, की कोणते उरलेत ते कळतं. लहान पत्ता गेला की मनात अधिक एक. मोठा गेला, म्हणजे दश्शा, राजा, राणी, गुलाम किंवा एक्का, की उणे एक. मधले सत्ते-अठ्ठे-नव्वे सोडून द्यायचे. आकडा वर चढला, म्हणजे लहान संपले आणि मोठे उरले. मोठे उरले की खेळणाऱ्याचा फायदा, तेव्हा डाव मोठा लावायचा. आकडा खाली असला तर अगदी थोडकं लावून गप्प बसायचं.

मी लग्नाआधी पुण्यात कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे. मला असलं काही सांगणं म्हणजे मांजराला दुधाचा पत्ता सांगण्यासारखं. आठवड्याभरात मी अभिजितपेक्षा पक्की मोजायला लागले.

फक्त एक अडचण. मोजणी गुपचूप करायची असते आणि माझे ओठ हलतात. म्हणून मी आमच्या आजीची पद्धत काढली. अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवायचा. अधिकला पुढे, उण्याला मागे. हात मांडीवर, चेहरा साधा. कुणाला काही कळत नाही.

आणि दुसरी अडचण म्हणजे मी. मोजणी बरोबर, पण डाव लावायची वेळ आली की हात आखडतो. अभिजित कपाळावर हात मारायचा. "अगं, सगळे मोठे पत्ते उरलेत. तूच मोजलंस ना? मग लाव की."

"लावलाय की."

"एक शेंगदाणा?"

हो, आम्ही शेंगदाण्यांवर खेळायचो. शेंगदाणा म्हणजे एक, बदाम म्हणजे पाच. बदाम अण्णा दर पार्सलात पाठवायचे, नातीच्या बुद्धीसाठी. रेवाला बदाम आवडत नाहीत. डबे साठले होते. हे तपशील नीट लक्षात ठेवा, पुढे मला भोवणार आहेत.

खऱ्या कसिनोतही आम्ही एकदाच जाऊन आलो. रेवा पल्लवीकडे, म्हणजे वरच्या मजल्यावरच्या मैत्रिणीकडे ठेवली होती. अभिजित कोट ठेवायला गेला आणि मी टेबलाशी बसले. अंगठा पेरांवर. आकडा चढत गेला, चढतच गेला, आणि मी धीर करून सगळ्यात लहान चकती पुढे सरकवली. तेवढ्यात काळ्या सुटातला एक माणूस सरळ माझ्याकडे आला. मला वाटलं, संपलं. आता परदेशी नागरिकांच्या कचेरीत फाइल उघडणार, व्हिसा जाणार, रेवाला किटातून काढणार. तो वाकून म्हणाला, पाणी आणू का, तुमचा चेहरा पांढरा पडलाय.

मी पाणी पिऊन सरळ बाहेर. बाहेर आल्यावर अभिजित म्हणाला, "मोजत काय होतीस? त्या टेबलावर प्रत्येक डावानंतर पत्ते परत यंत्रात जातात. ते सतत पिसत असतं. तिथं मोजणीला काडीचा अर्थ नाही."

तर अशी मी. मोजण्यासारखं नव्हतं तिथं मोजलं, आणि वर घाबरले.

त्यानंतर आमचा कसिनो घरातच. आणि एका पावसाळी रविवारी रेवा टेबलाशी येऊन उभी राहिली. "इश आउख." म्हणजे मीपण.

का कोण जाणे, मी म्हणाले, "चालेल. पण या टेबलावर फक्त मराठी. जर्मन शब्द आला की एक बदाम गेला."

काय सांगू. तीन वर्षांत जे गोष्टींनी झालं नाही, गाण्यांनी झालं नाही, लाचेनं झालं नाही, ते एका बदामानं झालं. पहिल्या दिवशी पोरीनं सगळे बदाम घालवले. दुसऱ्या दिवशी निम्मे. आठवड्यानं टेबलावर बसून खणखणीत मराठीत म्हणत होती, "बाबा, अजून एक द्या." "पुरे." "अरेरे, आई बुडाली." पेरांवरची मोजणी तर तिनं पाण्यासारखी उचलली. नुसती टेबलावर नाही. बसमध्ये बसली की माणूस चढला अधिक एक, उतरला उणे एक. अंगठा आपला फिरतोय.

मी इतकी खूश होते की काही सुचलंच नाही. एका रात्री मात्र ताडकन उठून बसले. "अभिजित, अण्णांना पत्ते चालत नाहीत."

"झोप गं."

पण चालत नाहीत म्हणजे खरंच चालत नाहीत. अण्णांच्या थोरल्या भावानं तीनपत्तीत सायकल घालवली, मग घड्याळ, मग नोकरीच. तेव्हापासून त्यांच्या घरात दिवाळीतसुद्धा पत्ता शिरला नाही. गणपतीच्या मांडवात जागरणाच्या नावाखाली पोरं पत्ते कुटत बसायची, तर अण्णा नुसते जाऊन समोर उभे राहायचे. बोलायचे नाहीत. पोरं आपोआप पत्ते गोळा करायची.

मी दुसऱ्या दिवशी पत्ते कपाटावर सुटकेसमागे टाकले आणि रेवाला बजावलं, "आजोबांसमोर पत्त्यांचं नाव काढायचं नाही."

"का?"

"आजोबांना आवडत नाही."

"गेनाऊ," रेवा म्हणाली, म्हणजे अगदी बरोबर. मला वाटलं, मिटलं.

अण्णा आले. सासूबाई माझ्या जावेच्या बाळंतपणासाठी कराडलाच थांबल्या होत्या, म्हणजे नातीचा पूर्ण ताबा अण्णांकडे. पहिल्याच जेवणात त्यांनी रेवाला पोळी वाढायला घेतली.

"अजून एक द्या," रेवा म्हणाली.

अण्णांचा हात हवेतच राहिला. त्यांनी पोळी वाढली, मग आणखी एक पुढे केली.

"पुरे. बुडेन मी."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं, डोळे भरून आले होते. "किती स्वच्छ बोलते गं. तू केवढे कष्ट घेतले असशील."

मी मान खाली घातली. अण्णांना तो विनय वाटला.

आणि मग ती बस. दोघं आजोबा-नात शहरात निघाले होते, मी मागच्या सीटवर. रेवा खिडकीशी गप्प, मांडीवर हात, अंगठा पेरांवरून पुढे, मागे, पुढे. अण्णा बघत राहिले. ते स्वतः रोज सकाळी असाच अंगठा फिरवत नामजप करतात. हळूच मागे वळून त्यांनी मला विचारलं, "ही जप करते?"

आता इथं खरं बोलायची संधी होती. "नाही अण्णा, प्रवासी मोजतेय," एवढंच म्हणायचं होतं. त्यात पत्तेही आले नसते. पण भित्र्या माणसाला सोपं वाक्य वेळेवर कधी सुचत नाही. मी म्हणाले, "हो."

हो! मीच. माझ्याच तोंडानं.

त्यानंतर ते माझ्या हातात राहिलं नाही. अण्णांनी त्याच संध्याकाळी कराडला फोन लावला. सासूबाईंनी जावेला सांगितलं, जावेनं तिच्या माहेरी. दोन दिवसांनी माझ्या आईचा पुण्याहून फोन, "अगं, तुझी कार्टी म्हणे ध्यान लावते? तू तर लहानपणी शुभंकरोतीला पळून जायचीस." अण्णा सकाळी जपाला बसले की रेवाला शेजारी घ्यायचे. ती पण बसायची बिचारी, समोरच्या रस्त्यावरच्या सायकली मोजत. येणारी अधिक, जाणारी उणे. अण्णा डोळे उघडायचे तेव्हा ती तशीच, अगदी एकाग्र. "माझं मन भरकटतं," मला म्हणाले, "हिचं नाही."

मी अभिजितला कोपऱ्यात गाठलं. "तू सांग त्यांना."

"मी? जप तू म्हणालीस."

"पत्ते तू आणलेस."

"आल्झो," तो म्हणाला. इथं अडचणीत आलेला माणूस आल्झो, म्हणजे 'तर मग', म्हणतो आणि मग पुढे काहीच बोलत नाही. हे तो जर्मनांकडून उत्तम शिकलाय.

मग गणपती आले. पल्लवीच्या घरी दीड दिवसाचा असतो. इथली विद्यार्थी मंडळी, संशोधन करणारी पोरं, सगळी तिच्याकडे लोटतात. मोदक पल्लवी आणि तिचा नवरा मिळून करतात, निम्मे तिनं, निम्मे त्यानं. पल्लवीचे मोदक लिंबाएवढे, नाजूक कळ्यांचे. तिच्या नवऱ्याचे कांद्याएवढे, कळ्या शोधाव्या लागतात. सगळे एका खोल पातेल्यात, वर ओलं फडकं. पल्लवी फडक्याखाली हात घालायची, जो लागेल तो द्यायची.

आरती झाली. माणसं दाटीवाटीनं जमिनीवर बसली. अण्णा पुढे मध्यभागी, रेवा त्यांना टेकून. प्रसाद वाटायला सुरुवात झाली आणि मी बघितलं, पोरीचा अंगठा चालू झाला होता.

अण्णांनीही बघितलं. आणि ज्या माणसाला आपल्या नातीचं कौतुक चारचौघांत कधी सांगता आलं नव्हतं, त्यानं भरल्या घरात हात वर केला.

"जरा बघा हं सगळ्यांनी," अण्णा म्हणाले. "आरती संपली, पण पोरीचा जप चालूच आहे. परदेशात जन्मलेली मुलगी. मी मुद्दाम कधी विचारलं नाही, आज विचारतो. बाळा, कुणाचं नाव घेतेस?"

सगळं घर रेवाकडे वळलं. कुणीतरी मोबाइलसुद्धा वर धरला. मी मागून रेवाकडे डोळे वटारले, मान हलवली, ओठांवर बोट ठेवलं. शेजारच्या बाईनं विचारलं, मला काही होतंय का.

रेवानं विचार केला. मला दिलेलं वचन तिनं मनात चाचपून बघितलं असावं. पत्त्यांचं नाव काढायचं नाही, एवढंच होतं ना ते?

"नाव नाही घेत," ती म्हणाली. "नाव घेतलं की मोजणी चुकते."

"काय मोजतेस?"

"मोदक. लहान गेला की अधिक एक. मोठा गेला की उणे एक. आता खूप वर गेलंय. म्हणजे पातेल्यात मोठेच उरलेत. आता मोठा डाव लावायचा."

कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच थांबलं. कारण अण्णा हसले नव्हते.

"डाव?" ते म्हणाले. "हे कुणी शिकवलं?"

"आईनं. आणि बाबांनी. आम्ही बदाम लावतो."

"बदाम. मी पाठवतो ते?"

"हो. ते खायचे नसतात, आजोबा. लावायचे असतात."

मी अभिजितला शोधलं. तो मखराच्या दिव्यांची वायर तपासायला खाली वाकला होता. दिवे व्यवस्थित चालू होते.

"सायली," अण्णा म्हणाले. मागे न वळता. तोच न चढणारा आवाज. मांडवातली पोरं तर ते नुसते समोर आले की पत्ते गोळा करायची. इथं गोळा करायला काही नव्हतं, म्हणून मी माझी ओढणी गोळा केली आणि उभी राहिले. भरल्या घरात, गणपतीसमोर.

"अण्णा, ते संख्याशास्त्र आहे," मी म्हणाले. कसलं भिकार वाक्य. "म्हणजे... पत्तेच आहेत. पैसे नसतात. ती मराठीत बोलावी म्हणून. टेबलावर जर्मन बोललं की बदाम जातो. तुम्ही येणार होतात, आणि ती बोलायचीच नाही, आणि मला झोप लागायची नाही, आणि त्या दिवशी बसमध्ये तुम्ही विचारलंत, तेव्हा मी भ्याले. जप नव्हता अण्णा तो. माणसं मोजत होती."

"आणि सकाळी? माझ्या शेजारी?"

"सायकली," रेवा मदतीला धावली.

पल्लवीचा हात फडक्याखालीच राहिला होता. मला वाटलं, संपलं. आता हे परतीचं तिकीट बदलायला सांगणार, आणि नातीशी बोलायला मिळालेले हे दिवसही मीच घालवले. सायकल, घड्याळ आणि वर आता सून.

"घरी गेल्यावर बोलू," अण्णा मला म्हणाले. मग थोडं थांबून, रेवाकडे बघत, जणू स्वतःशीच, "एवढं बोलली. एक शब्द जर्मन नाही."

गुडघ्यावर हात टेकून ते उठले. कागदी ताटली घेतली. रेवाचं बोट धरलं.

"आत्ता किती आहे म्हणालीस?"

"अधिक सात."

"मग मी काय करू?"

रेवानं पातेल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि आयुष्यातलं आजवरचं सगळ्यात लांब मराठी वाक्य सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"दोन मागा, आजोबा, आणि आईला विचारू नका, तिला मोजता येतं पण ती घाबरते, सगळे मोठे उरले असले तरी ती एकच मागते."